वाटी धुऊन, रिकामी परत करावी

माझ्या धंद्याला शंभरपैकी नऊ गुण मिळाले तेव्हा मी केंद्राच्या काउंटरपाशी उभी राहून मोठ्यानं हसले. अभिनंदनला वाटलं, मला धक्का बसलाय. त्यानं लगेच पाणी मागवलं.

"बस जरा, सुप्रभा," तो म्हणाला. "नऊ म्हणजे अगदीच शून्य नव्हे."

"मागच्या वर्षी एकजण स्मशानाशेजारी आइस्क्रीमचं दुकान टाकणार होता, त्याला किती मिळाले होते?"

"एकवीस," तो खाली बघत म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा तेव्हाही येत नव्हतं.

अभिनंदन उपाध्ये हा आमच्या जयसिंगपुरातल्या नवउद्योग केंद्राचा व्यवस्थापक. केंद्रात पंचवीस गाळे आहेत, वर एक कँटीन आहे आणि तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत प्रतिनगर आहे. प्रतिनगर म्हणजे संगणकात उतरवलेली आमच्या गावाची नक्कल. पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत प्रत्येक घर, प्रत्येक दुकान, आणि त्यात राहणाऱ्या प्रत्येक माणसाची एक सावली. ही सावली म्हणजे त्या माणसाचा बारा वर्षांचा व्यवहार: त्यानं काय विकत घेतलं, कुठून घेतलं, कधी कंटाळून सोडून दिलं, पगार झाल्यावर काय खातो आणि महिनाअखेरीला काय खातो. पाणीपट्टीत सवलत मिळते म्हणून गावानं रांगा लावून ही माहिती सही करून दिली होती. मीही दिली होती. या सावल्यांपुढे एखादं नवीन दुकान मांडायचं आणि यंत्र सुरू करायचं. तीन वर्षं चाळीस मिनिटांत सरतात. कोण दुकानात शिरलं, कोण परत आलं, कोण नुसतं बघून पुढं गेलं, हे सगळं मोजून शेवटी एक आकडा येतो. त्याला तगांक म्हणतात. धंदा तीन वर्षं तग धरण्याची शक्यता शंभरात किती, ती.

पंचाईत अशी की यंत्र खरं बोलतं. आठ वर्षांत साठच्या वर तगांक असलेला एकही धंदा बसला नव्हता. मग बँका तगांक मागू लागल्या, गाळेवाले मागू लागले, आणि मुलगा स्वतःचं काही करतो म्हटलं की मुलीकडचे लोकही मागू लागले. परिणाम असा झाला की २०४१ साली आमच्या गावात मोमोंची सतरा दुकानं होती आणि सतराही झकास चालत होती. भडंगाचं गाव ते, पण मोमोंनी भरून गेलं. काही बुडत नव्हतं आणि काही नवीनही निघत नव्हतं. कुणाच्या डोक्यात काही आलंच तर घरातली माणसं जेवता जेवता विचारायची, तगांक काढलास का? नसेल तर नसते उद्योग करू नकोस.

माझा उद्योग विरजणाचा होता. अठरा वर्षं मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलं. तिथं एक गोष्ट ध्यानात आली होती. पिशवीतलं दूध आता इतकं गाळून, इतकं तापवून येतं की घरी त्याला दही धड लागत नाही. आज पाणीदार, उद्या आंबट, परवा तार सुटलेलं. त्यात विरजणासाठी चमचाभर दही मागं ठेवायची सवयही मोडलेली. लोक कंटाळून डबाबंद दही आणतात आणि जेवताना म्हणतात, आईच्या हातचं दही काही वेगळंच होतं. मी ठरवलं, दही विकायचं नाही. जिवंत विरजण द्यायचं. दर चौथ्या दिवशी स्टीलच्या छोट्या झाकणाच्या वाटीत, त्या घरातलं दूध आणि त्या घराची चव बघून.

"यंत्राची दोन कारणं आहेत," अभिनंदन कागद पुढं सरकवत म्हणाला. "पहिलं, गावात विरजण कुणी विकत घेत नाही. बारा वर्षांत एक खरेदी नोंदलेली नाही."

"विकायलाच नव्हतं तर घेणार कुठनं?"

"दुसरं, तुझ्या वाट्या परत येणार नाहीत. परतीची भांडी देणारे धंदे होऊन गेलेत इथं. गावातनं शंभरात एकतीस भांडी परत येतात. तू दर महिन्याला नव्या वाट्याच घेत बसशील."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. केंद्रात बारा नंबरचा एक गाळा तगांकाशिवाय देतात. केंद्र सुरू करताना कुण्या भल्या माणसानं तसा नियम घातला होता, आणि गेल्या सहा वर्षांत तो कुणी मागितला नव्हता. नव्वद दिवस मिळतात. त्या मुदतीत शंभर घरांनी आपला माल अठ्ठावीस दिवस सलग घेतला, अशा सह्या आणायच्या. आणल्या तर गाळा तीन वर्षं आपला. माझ्या हिशेबानं अठ्ठावीस दिवस म्हणजे घरटी सात वाट्या.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर गाळा ज्याला द्यायचा त्याचा अर्ज आलेला आहे."

"मोमो?"

"मोमो," तो कसनुसा होऊन म्हणाला. मग हळूच पुढं झुकला. "डबाबंद दह्याची एजन्सी घेशील का? तुझ्या नावावर टाकून बघितली मी. चौऱ्याऐंशी येतायत. नव्वद दिवस थांबवून ठेवतो तुझ्यासाठी."

त्याला माझी काळजी होती, हे मला कळत होतं. म्हणून जास्तच राग आला.

---

घरी अण्णा वाट बघत होते. माझे वडील, सुकुमार मगदूम, वय शहात्तर. अण्णांनी आयुष्यात सात धंदे काढले आणि सातही बसले. घडीचा पाळणा, सायकलवरचं वाचनालय, उसाच्या चिपाडाचे खोके, लग्नात भाड्यानं द्यायचे गाणारे कंदील, आणि आणखी तीन, ज्यांची नावं काढली की आमची आई उठून आत जायची. घर आईच्या शिक्षिकेच्या नोकरीवर चाललं. पण धंदा बसला म्हणून अण्णा कधी तोंड पाडून बसले नाहीत. त्यांच्याकडं एक निळी वही आहे, तिच्यात ते अजूनही कल्पना लिहितात. मला लहानपणापासून एकच भीती होती, आपण अण्णांवर जाऊ नये. आणि आता अठरा वर्षांची नोकरी सोडून मी त्यांच्यासमोर उभी होते.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"नऊ."

"माझ्या पाळण्याला चार आलेत," ते खुशीत म्हणाले. "मागं एकदा जाऊन गुपचूप काढून आलोय मी सगळ्यांचे. कंदिलाला अकरा."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. दोन वर्षांपूर्वी मीही ते सातही आकडे अभिनंदनकडून गुपचूप काढून घेतले होते, आणि म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसले होते.

"वाईट नाही वाटलं?"

"वाटायचं काय त्यात? पण एक सांगू? तुझी आई दही लावायची तेव्हा तुम्हा पोरांना त्या फडताळाकडं फिरकू द्यायची नाही. भांडं हललं की दही फुटतं. झाकून ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. तुम्ही लोक हल्ली चाळीस मिनिटांनी झाकण काढून बघता, लागलं का, लागलं का. कसं लागंल?" त्यांनी वही मिटली. "घे तो गाळा. नव्वद दिवस झाकून ठेव."

---

पहिल्या आठवड्यात बारा घरं मिळाली. संध्याकाळी विरजण लावायच्या वेळेआधी मी विजेच्या सायकलवरून वाट्या पोचवायचे. गाळ्यात मी माझी प्रयोगशाळा थाटली होती. एक फ्रीज, एक उबवणपेटी, आणि डेअरीत शिकले तसा चार जातींच्या जिवाणूंचा निवडक, शुद्ध, देखणा संच. त्या शुद्धपणाचा मला फार अभिमान होता. म्हणून प्रत्येक वाटीच्या झाकणावर मी सूचना चिकटवली: 'वाटी धुऊन, रिकामी परत करावी.' बाहेरचा एक कणही माझ्या विरजणात यायला नको होता.

चौथ्या दिवशी बाराच्या बारा वाट्या परत आल्या. धुतलेल्या होत्या. एकही रिकामी नव्हती.

एकीत शेंगदाणे होते, एकीत कारळ्याची चटणी. दोघींनी साखर घातली होती. अकराव्या गल्लीतल्या शबाना मोमीन शाळेत गणित शिकवतात. मला वाटलं होतं, निदान त्या तरी सूचना पाळतील. त्यांच्या वाटीत दोन लिंबं होती आणि झाकण बसत नव्हतं म्हणून वर रबर लावलं होतं.

"मॅडम, त्यावर लिहिलंय की," मी दारात उभी राहून म्हटलं.

"वाचलं की," शबाना मॅडम म्हणाल्या. "मी रिकामीच ठेवली होती पिशवीत. मग परत काढली. नाही बरं वाटत ओ. शेजारच्या घरनं आलेली वाटी कुणी मोकळी पाठवतं का?"

"मी शेजारची नाही, मी धंदा करते."

"असू दे की. करा धंदा."

पुढच्या खेपेला मी सूचना मोठ्या अक्षरात छापली. वाट्या तशाच भरून आल्या. कडीपत्ता, चिंच, गूळ, भडंग, एकदा तर नुसतं एक जास्वंदीचं फूल. मी वैतागले. रोज तासभर मी वाट्या उकळत बसायचे आणि अण्णा शेजारी बसून वाट्यांतलं भडंग खायचे. म्हणायचे, धंद्यात इतका फायदा मला कधी झाला नव्हता.

मग वाट्यांत दही येऊ लागलं. सुरुवात अभिनंदनच्या आईनं केली. पद्मावतीकाकू पाचव्या गल्लीत राहतात. त्यांचं स्वतःचं चाळीस वर्षांचं विरजण होतं, त्या काही माझ्या गिऱ्हाईक नव्हत्या. मी आपली ओळखीखातर एक वाटी देऊन आले होते. ती परत आली तेव्हा तिच्यात त्यांचं दही होतं, सुरीनं कापावं इतकं घट्ट.

"काकू, मला रिकामी हवी होती."

"मी देतो काय रिकामी?" काकू म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी देतो, मी जातो. "विरजणाच्या वाटीत दुसरं काय घालायचं? तुझं मी बघितलं, आता माझं तू बघ."

गल्लीत एकीनं केलं की दुसरी करतेच. महिन्याभरात चाळीसेक घरांतून दही आलं. काहींनी आपल्या जुन्या विरजणात माझं मिसळून लावलं होतं, काहींनी गावाकडून आणलं होतं, एकीनं तर चांदीचं नाणं आणि मिरचीचा देठ घालून लावलेलं पाठवलं. हे सगळं माझ्या दृष्टीनं घाण होतं. पण दही टाकून द्यायला हात होईना. अठरा वर्षांची सवय म्हणून प्रत्येकाचं थोडंथोडं काचेच्या नळीत घातलं, नळीवर नाव आणि गल्ली लिहिली आणि फ्रीजच्या खालच्या खणात ठेवून विसरले.

पन्नासाव्या दिवशी माझ्याकडं चौऱ्याऐंशी घरं होती. मी मनातल्या मनात नऊ या आकड्याला टिचकी मारली.

---

बावन्नाव्या दिवशी सकाळी सात वाजता फोन सुरू झाले. दही लागलं नव्हतं. एका घरी नाही, दोन घरी नाही, चौऱ्याऐंशींपैकी साठ घरांत सकाळी दुधाचं दूधच होतं. उरलेल्यांच्यात चोथा आणि पाणी. मी गाळ्यात जाऊन उबवणपेटी उघडली. माझ्या चारही जाती मेल्या होत्या.

झालं काय होतं ते मला अर्ध्या तासात कळलं. दही म्हणजे जिवंत जिवाणूंचं काम. ते दुधातली साखर खातात, आम्ल तयार करतात आणि दूध थिजतं. पण या जिवाणूंनाही रोग होतो. त्यांना खाऊन टाकणारे विषाणू असतात, ज्यांना फाज म्हणतात. माणसाला त्यांचा काही त्रास नाही, पण दह्याचा जिवाणू त्यांच्या तावडीत सापडला की काही तासांत साफ. यांची एक खोड अशी की एका जातीचा फाज त्याच जातीला मारतो, शेजारच्या जातीला शिवतही नाही. मी गावभर चारच जाती वाटल्या होत्या, निवडक, शुद्ध आणि इतक्या सारख्या की फाजला चारही एकच. फाजला दार उघडायला एका घरची किल्ली पुरली, आणि तीच किल्ली चौऱ्याऐंशी घरांना लागली.

नियम अठ्ठावीस दिवस सलग असा होता. साखळी तुटली म्हणजे सगळ्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नव्वदातून अठ्ठावीस गेले, उरले बासष्ट. बासष्टाव्या दिवसाच्या आत शंभर घरांना नवं विरजण सुरू झालं नाही तर गाळा गेला. दहा दिवस होते आणि माझ्याकडं विरजणाचा एक थेंब नव्हता.

दुपारी अण्णा जेवणाचा डबा घेऊन गाळ्यात आले. मी त्यांना सांगितलं की मी अभिनंदनला फोन करून एजन्सी घेते. सांगताना रडू आलं. अण्णांनी मला रडू दिलं. मग पाणी घ्यायला म्हणून फ्रीज उघडला आणि तिथंच वाकून उभे राहिले.

"हे खाली काय आहे?"

"कचरा. लोकांनी पाठवलेलं दही."

"कचऱ्यावर कुणी नावं लिहितं काय?" त्यांनी एक नळी उजेडात धरली. "ही बघ, उपाध्ये, पाचवी गल्ली. ही अजून घट्टच दिसती की."

मी त्यांच्या हातातून नळी घेतली. नंतरचा दीड दिवस मी काय केलं ते थोडक्यात सांगते. एक्केचाळीस नळ्या होत्या. प्रत्येकीतल्या दह्याचं विरजण दुधात घातलं आणि सोबत माझ्या मेलेल्या दह्याचं पाणी घातलं, म्हणजे मुद्दाम तोच रोग. दुसऱ्या दिवशी दुपारी एक्केचाळीसपैकी एकोणतीस वाट्यांत दही लागलेलं होतं. काकूंच्या वाटीतलं तर वाटी उपडी केली तरी हललं नाही.

कारण उघड होतं आणि डेअरीत आम्ही ते पुस्तकात वाचलंही होतं. घरच्या विरजणात चार जाती नसतात, पन्नास असतात. चाळीस वर्षांत त्यांनी किती फाज पाहिले असतील. दहा जाती मेल्या की शेजारच्या दहा कामाला लागतात आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. त्या घरच्या दुधाची, त्या फडताळातल्या उबेची त्यांना सवय असते. माझ्या शुद्धपणापेक्षा ती घाण कितीतरी शहाणी होती, आणि मी ती दोन महिने उकळून टाकायच्या मागं लागले होते.

त्या संध्याकाळपासून मी सायकल काढली आणि घरोघरी गेले. खरं तेच सांगितलं. माझं विरजण मेलं, आता जे देतेय ते तुमच्याच शेजाऱ्यांचं आहे, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. झाकणावरची सूचना काढून टाकली. तिथं आता नाव असायचं. 'विरजण: चौगुले, आठवी गल्ली.' 'विरजण: मोमीन, अकरावी गल्ली.'

मला वाटलं होतं, लोक नाक मुरडतील. झालं उलटंच. शबाना मॅडम आपल्या नावाची वाटी बाराव्या गल्लीत जाते म्हटल्यावर तिथं जाऊन दही कसं लागलं ते बघून आल्या. चौगुल्यांच्या सुनेनं सासूला व्हिडिओ कॉलवर दाखवलं की तुमचं विरजण पाच घरांत पोचलं. ज्यांची नळी रोगात टिकली नव्हती त्यांतल्या एकदोन बायका रुसल्या, मग त्यांना काकूंचं विरजण दिलं तेव्हा रुसवा गेला. एकसष्टाव्या दिवशी एकशे तीन घरं झाली. मी दमले होते आणि इतकी आनंदात होते की सायकलवर एकटीच गुणगुणत होते.

काकूंचं मात्र त्याच आठवड्यात भलतंच झालं. त्या लेकीकडं बेळगावला गेल्या आणि चार दिवसांनी परत आल्या तर घरात विरजण नाही. चाळीस वर्षांचं विरजण अभिनंदननं शेवटच्या चमच्यापर्यंत दहीभात करून खाल्लं होतं. काकू तडक गाळ्यात आल्या.

"माझं मला दे गं जरा," त्या म्हणाल्या. "आणि दर चौथ्या दिवशी देत जा. त्या घरात मी आता काही ठेवत नाही."

मी त्यांचंच विरजण त्यांना वाटीत घालून दिलं आणि नेमानं देत राहिले. त्यांच्याकडून पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता.

---

पंचाहत्तराव्या दिवशी अभिनंदन स्वतः गाळ्यात आला. चेहरा पडलेला.

"तुझा तगांक परत काढला. तुझे खरे आकडे घालून."

"किती?"

"चौदा."

मी हसले. त्याला मात्र हसू येईना.

"वाट्या परत येण्याचं प्रमाण मी शंभरात शंभर घातलं. यंत्रानं ते घेतलंच नाही. माहिती संशयास्पद आहे म्हणून परत पाठवलं. मी तीनदा घातलं, तीनदा परत." तो उकळत ठेवलेल्या वाट्यांकडं बघत होता. त्यातल्या एका वाटीतून काढलेले आवळे टेबलावर होते, त्यातला एक त्यानं उचलला. "मग मी मागं जाऊन बघितलं, आम्ही सावल्या तयार करताना काय काय गाळलं होतं ते. ज्या देवघेवीत पैसा हलला नाही, ती सगळी सुरुवातीलाच काढून टाकली होती. आम्ही तिला कचरा म्हणायचो."

"मीपण म्हणायचे," मी म्हटलं.

"म्हणजे आमच्या गावातल्या सावल्या एकमेकांना कधी काही देतच नाहीत. आठ वर्षं मी त्यांच्याकडं बघून लोकांना सांगत आलो, हे चालणार नाही, ते चालणार नाही." त्यानं आवळा तोंडात टाकला. जाताना म्हणाला, "पण नियम शंभर घरांचाच आहे, सुप्रभा. त्यात मला काही करता येणार नाही."

"कर म्हटलं का मी?"

त्यानंतर चार घरं गळली. दोन बदली होऊन गेली, एकाच्या डॉक्टरनं दही बंद केलं, आणि एका घरात कुणाचंच कुणाशी पटेना म्हणून ते वेगळे झाले आणि वाटी कुणी घ्यायची यावरून भांडण नको म्हणून त्यांनी बंदच केली. नवं घर मिळवून उपयोग नव्हता, अठ्ठावीस दिवस उरलेच नव्हते. नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी मी सह्या मोजल्या. नव्याण्णव. पुन्हा मोजल्या. नव्याण्णवच.

मी केंद्रात गेले. अभिनंदन बैठकीला गेला होता. मी सह्यांचा गठ्ठा आणि गाळ्याची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि चालत घरी आले. अण्णांना सांगितलं. त्यांनी वही उघडली, काहीतरी लिहायला गेले, पण लिहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. गाळ्याचं वाटलंच, पण त्याहून जास्त ह्याचं की माझ्या हातून एक खरी गोष्ट उभी राहिली होती आणि ती एका घरानं गेली.

---

सकाळी आठ वाजता अभिनंदन दारात उभा. हातात स्टीलची झाकणाची वाटी.

"आईनं दिलीय," तो म्हणाला. "परत करायला."

"आत ये. चहा घे."

"आधी वाटी घे."

मी घेतली. आत काहीतरी खणखणलं. झाकण काढलं तर बारा नंबरची किल्ली होती, आणि तिच्याखाली चार घड्या घातलेला कागद. माझाच छापील सहीचा फॉर्म होता. अठ्ठावीस दिवस, सात वाट्या, सात तारखा. खाली वाकड्या अक्षरात सही: पद्मावती उपाध्ये, पाचवी गल्ली.

"ही कुठली?" मी म्हटलं. "काकू गिऱ्हाईक नाहीत. त्यांचं त्यांनाच दिलं मी. मी एक पैसाही घेतला नाही."

"नियमात घेतला असं लिहिलंय. विकत घेतला असं लिहिलेलं नाही." तो खुर्चीवर बसला. "काल गठ्ठा बघितला आणि घरी गेलो तर आई दही लावत होती. कुणाचं विरजण म्हणून विचारलं. म्हणाली, सुप्रभाचं. किती दिवस म्हटल्यावर तिनं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक वाटीच्या दिवशी टिकली लावलीय तिनं. सात टिकल्या. मग मी केंद्राच्या समितीतल्या तिघांना घरी बोलावलं. माझं घर आहे, म्हणून मी मोजलं नाही. त्यांनी मोजलं, दही खाल्लं आणि सही केली."

मी कागद हातात धरून उभी होते. जे पैशाशिवाय हललं ते मोजायचं नाही, ही चूक यंत्राची म्हणून मी त्याला इतकी हसले होते. दर चौथ्या दिवशी मी स्वतः त्या दारात वाटी घेऊन जात होते आणि ते घर माझ्या यादीत नव्हतं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि अभिनंदननं पुन्हा पाणी मागितलं.

"किल्ली हातात दिली असती तरी चाललं असतं की," मी डोळे पुसत म्हटलं.

"आई म्हणाली, वाटी रिकामी नेऊ नको."

अण्णा उठले. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, मोरीवर जाऊन स्वच्छ धुतली, पंचाच्या टोकानं पुसली. मग निळी वही उघडली आणि मधलं एक पान फार जपून फाडलं. त्यांच्या वहीचं पान फाडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार घड्या घालून त्यांनी ते वाटीत ठेवलं, झाकण लावलं आणि वाटी अभिनंदनच्या हातात दिली.

"आठवा धंदा आहे," ते म्हणाले. "यंत्रात घालू नको. घरी ने आणि थोडे दिवस झाकून ठेव."

अभिनंदननं वाटी दोन्ही हातांत धरली. जिना उतरताना ती हलू नये म्हणून तो एकेक पायरी बेतानं उतरत होता.